मंगळवारच्या माणसाची गाडी

कॅप्टनचा शाळेचा शर्ट आठवडाभर दोरीवरच होता. धुऊन झालेला, वाळून कडक झालेला, कॉलर एका बाजूनं पार उसवलेली. त्याच्या आईनं, पिमनं तो शिवला नाही, फेकला नाही, आणि सासूला काढूही दिला नाही.

"दोन टाके घालते गं, नवा होईल," उई म्हणाली होती.

"राहू द्या. दिसू दे सगळ्यांना."

सगळ्यांना म्हणजे कुणाला ते उईला बरोबर कळलं. उई म्हणजे आजी. पण नातवंडं झाल्यापासून ती सगळ्यांचीच उई झाली होती, सुनेची, जावयाची, बागेत फळं तोडायला येणाऱ्या बायकांची सुद्धा.

झालं होतं असं. लंपूनच्या हायवेवर, यू-टर्नला, पिकअप वळत होती. मागच्या उघड्या हौद्यात नेहमीसारखी दोन पोरं आणि दोन कुत्री. पलीकडून कोंबड्यांचा टेम्पो गेला आणि मूयोंगनं उडी मारली. मूयोंग म्हणजे धांदरट कुत्री, तपकिरी, झुपकेदार, डोक्यानं कमी. तिच्यामागे कॅप्टन. सहा वर्षांचं पोर, त्याला काय कळतंय. त्याच्या मोठ्या बहिणीनं, फायनं त्याची कॉलर धरली. कॉलर फाटली, पोरगा हौद्यातच राहिला. मूयोंगला फक्त खरचटलं.

पिमला यातलं काहीच कळलं नव्हतं. ती पुढे स्टिअरिंगवर, रेडिओ ऐकत. कुत्री पडली म्हणून ती थांबली, बस. बाकीचं फायनं घरी येऊन सांगितलं. तेही जेवता जेवता, आपल्या मेला, म्हणजे आईला.

"मे, आज कॅप्टन मरणार होता. भात वाढ ना."

पिमनं भात वाढला. मग मागे जाऊन रांजणाशी उभी राहिली बराच वेळ. मग नणंदेच्या नवऱ्याला फोन लावला. वयानं मोठा म्हणून ती त्याला पी म्हणायची. "पी नोप, तुमच्या यार्डात बंद गाडी बघा. पोरं आणि कुत्री दोन्ही आत मावली पाहिजेत."

*

रविवारी नोप गाडी घेऊनच आला.

नोप चिआंग माइला जुन्या गाड्या विकायचा. गिऱ्हाइकाला पूर्ण खोटं सांगायचा आणि नातेवाइकांना अर्धं, हे तो स्वतःच सांगायचा. शेजारी बायको दुआंग, उईची थोरली मुलगी, मांडीवर संत्र्यांची पिशवी. गाडी अंगणात लोंगनच्या झाडाखाली उभी राहिली. पांढरी. लांबलचक. सात सीटची.

"दाताच्या डॉक्टरीणबाईची होती," नोप उतरता उतरताच सुरू झाला. "दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. हॉर्नसुद्धा वाजवला नसेल बिचारीनं. पिम, हे बघ. एअरबॅग पुढे, एअरबॅग बाजूला, पडद्यासारखी वरून पण येते. उद्या हत्तीनं धडक दिली तरी आत उशीवर झोपल्यासारखं."

"हत्तीचं सोडा. मागचं दार आतून उघडतं का? पोरानं ओढलं तर?"

"नाही ना! हे बारकं बटण. एकदा दाबलं की कॅप्टन आत कैद."

"मी कैद?" कॅप्टननं विचारलं.

"तू आणि मूयोंग. एकाच गुन्ह्यात."

पिम हसली नाही. ती गाडीत शिरली आणि एकेक गोष्ट हातानं बघायला लागली. बेल्ट ओढून झटका देऊन बघितला. लहान मुलाची खुर्ची अडकवायचे हूक सीटच्या फटीत बोटं घालून शोधले. गुडघ्यावर बसून शेवटची रांग बघितली. ती मधोमध दुभागलेली होती, अर्धी पाडता यायची, पूर्ण पाडता यायची.

"कुत्र्यांना जाळी लावता येईल का इथे?"

"येईल. पण तुझी कुत्री बसतील का आधी ते बघ."

मूयोंग बसली. बसली म्हणजे काय, सगळ्या सीट्सवरून दोन फेऱ्या मारल्या आणि डॉक्टरीणबाईच्या गाडीला पहिल्यांदा घाण केलं. ओलियांग मात्र लांबच उभा. ओलियांग योदचा कुत्रा. योद म्हणजे पिमचा नवरा. काळाकुट्ट ओलियांग आता तोंडाशी पांढरा झालेला, आणि गाडी म्हणजे पिकअप, एवढंच त्याला ठाऊक.

"आत वारा कुठून येणार?" कॅप्टननं विचारलं.

"एसी आहे."

"तो वारा नाही. तो फ्रिज."

दुआंगनं नव्या गाडीची काच खालीवर करून बघितली. "पिम, मला तर आवडली बाई. घेऊन टाक. मी योदला सांगते. पोराचा जीव जायची वेळ आली होती, आता कसला विचार करायचा?"

पिमला बरं वाटलं. नणंद आपल्या बाजूनं. हे दरवेळी होत नाही.

*

उई पायरीवर बसून लोंगनची लिचीसारखी फळं देठांवरून काढत होती. टोपली गुडघ्यात. हात चालू होते, डोळे गाडीवर.

गाडी चांगली होती. तिला दिसत नव्हतं असं थोडंच. पोराची कॉलर तिनंच धुतली होती, फाटलेला भाग जपून चोळून. उघड्या हौद्यात पोरं नकोत, हे तिला सुनेआधी पटलेलं. पण सुनेला ते सांगितलं असतं तर पुढचं पण मान्य करावं लागलं असतं.

"उई, कशी वाटली?" नोपनं हाक मारली.

"पांढरी आहे."

"पांढरीच बरी. ऊन खेचत नाही."

"मंगळवारच्या माणसाला पांढरं चालत नाही."

जन्मवारानं माणसाला काही रंग लाभतात, काही नडतात, असं इथे सगळेच मानायचे. मंगळवारी जन्मलेलं या घरात एकच माणूस होतं, योद. सहा वर्षं कोरियात, प्लॅस्टिकच्या मांडवाखाली तिळाची पानं खुडत. कागदपत्रं नाहीत. तिकडे अशा आपल्या थाई माणसांना छोटी भुतं म्हणतात, दिवसा लपायचं, बोलवलं की कामाला हजर व्हायचं. एकदा तो देश सोडला की परत आत घेत नाहीत. म्हणून येणं पुढे पुढे जात राहिलं. कॅप्टन अंगावर पीत होता तेव्हा तो गेला.

"उई," पिम शांतपणे म्हणाली, "गाडी मी चालवणार आहे. मी शनिवारची. शनिवारला हिरवं चालत नाही. पांढऱ्याचं काही नाही."

"आत्ता तू चालवशील."

"हो, आत्ताच पाहिजे आहे गाडी."

"आणि तो आल्यावर? त्यानं काय बसनं फिरायचं? वाईट रंगाची गाडी त्याच्या हातात देऊ मी? एवढ्या वर्षांनी आलेल्या पोराच्या?"

नोप मधे पडला. "उई, अहो त्यावर उपाय आहे ना. स्टिकर. आमच्या यार्डात ढीग पडलाय. काळ्या गाडीवर 'ही गाडी पिवळी आहे', निळ्या गाडीवर 'ही गाडी लाल आहे'. चिकटवलं की झालं."

"स्टिकर लावून रंग बदलतो होय रे? ग्रहांना काय डोळे नाहीत?"

"ग्रह वाचतात, उई. लांबून बघतात ना, त्यांना अक्षरच दिसतं."

दुआंग फिस्सकन हसली. उई हसली नाही. पिमला मात्र भलतंच आठवलं. लग्नाच्या आधी, मोटरसायकलवर, सिग्नलला. पुढे काळा ट्रक, त्यावर असाच स्टिकर, ही गाडी पिवळी आहे. योद मागे वळून म्हणाला होता, मी पण पाठीवर चिकटवतो, 'हा माणूस श्रीमंत आहे'. ती एवढी हसली होती की सिग्नल सुटला तरी तो निघाला नव्हता.

*

जेवायला चिकट भात, भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा, डुकराची कुरकुरीत कातडी. ठेच्यापायी सगळ्यांची नाकं गळत होती, त्यामुळे कुणाच्या डोळ्यात काय आलं ते कळायला मार्ग नव्हता.

नोपनं भाताचा गोळा करता करता मुद्दा काढला. "एक आहे. यार्डवाला पिकअप मागतोय बदल्यात. त्याशिवाय जमणार नाही."

"कुठली पिकअप?" दुआंग.

"तुमच्याकडे किती आहेत?"

"पॉची पिकअप?" दुआंगनं हातातला घास खाली ठेवला. पॉ म्हणजे वडील. वारले त्याला बरीच वर्षं झाली. "तू मला गाडीत बोलला नाहीस हे."

"बोललो असतो तर तू संत्री घेऊन आली असतीस का?"

"नोप, मस्करी नको. त्या हौद्यात बसून मी कॉलेजला गेले. ट्रंक, गादी, तांदळाचं पोतं, आणि मी वर. पॉ पुढून ओरडत होते, डोकं खाली कर, वायर आहे. विकायची नाही ती."

पिमनं नणंदेकडे बघितलं. सकाळची बाजू दुपारी बदलली. व्हायचंच होतं.

"पी दुआंग, सकाळी तुम्हीच म्हणालात, कसला विचार करायचा."

"नवी घे म्हटलं. जुनी दे म्हटलं नाही."

"दोन गाड्या दारात ठेवून काय करू? एक चालवू आणि दुसरीची पूजा करू?"

"योदनं जाताना काय सांगितलं होतं?" उई जेवताना पहिल्यांदाच बोलली. "मी येईपर्यंत पिकअप ठेवा. हेच सांगितलं ना?"

"हो."

"मग?"

पिमच्या तोंडापर्यंत आलं होतं. मग काय, उई. मग तेव्हा कॅप्टनला दात नव्हते, आता पडायला लागलेत. पण ती उठली आणि ताटं उचलायला लागली. एकावर एक, जरा जोरात.

फायनं हळूच विचारलं, "लुंग नोप, आपली पिकअप कुठल्या रंगाची आहे?" पोरं नोपला लुंग म्हणायची, काका म्हणून.

"लाल."

"खोटं. गुलाबी आहे."

सगळ्यांनी बघितलं. खरंच की. लालच घेतली होती पॉनी. ऊन खाऊन खाऊन कधी गुलाबी झाली कुणी बघितलंच नव्हतं.

*

संध्याकाळी योदचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे काम सुटायची वेळ. चेहऱ्यामागे प्लॅस्टिकचा मांडव, कुठेतरी पंखा घरघरतोय, डोक्यावर कुठल्याशा खताच्या कंपनीची टोपी.

"आली का गाडी? दाखवा, आतून दाखवा. फाय, तू धर फोन. लुंग नोपकडे नको देऊस, तो चांगला भागच दाखवेल."

"ऐकतोय मी," नोप म्हणाला.

फाय फोन घेऊन गाडीत शिरली. दुआंग तिच्या मागे, दारात टेकून उभी. धाकट्या भावाला असं उजळलेलं तिनं पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. त्याला गाड्यांचं वेडच. लहानपणी चपलांच्या गाड्या करायचा आणि त्यात बेडूक बसवायचा.

"बेल्ट? ओढून दाखव. हं. हूक आहेत? छान. आता ऐका. मे मधल्या रांगेत, डावीकडे, दाराशी. उतरायला बरं पडेल. गुडघे कसे आहेत, मे?" उईला मे म्हणणारा आता या घरातल्या मोठ्यांत तोच एक राहिला होता.

"आहेत," उई बाहेरून म्हणाली.

"फाय मधे. कॅप्टन पिमच्या मागे, छोट्या खुर्चीत, पट्टा बांधून."

"मी काय बाळ आहे, पॉ?"

"आहेस. पाच मिनिटांचा रस्ता असला तरी पट्टा. नाहीतर मी तिथून येऊन..." तो थांबला. "नाहीतर तुझी मे फटका देईल. पिम चालवेल. शेजारी पी दुआंग, आली तर. संत्री तिच्या पायाशी."

"मी आणि संत्री. वा," दुआंग म्हणाली.

"आणि शेवटची रांग पाडून टाका. पूर्ण. सपाट करा. तिथे कुत्री. ओलियांग म्हातारा झालाय, त्याला पाय पसरायला जागा पाहिजे. जाळी मी सांगतो कशी लावायची."

दुआंग हसत होती. मग हसू हळूहळू गेलं. तिनं मनातल्या मनात सगळ्यांना बसवलं, तो सांगत होता तसं. आई दाराशी. पोरं. वहिनी. आपण. मागे दोन्ही कुत्री, पाय पसरून. गाडी भरली. तिनं पुन्हा बसवलं. पुन्हा भरली. एवढा गाड्यांचा वेडा माणूस, आणि स्टिअरिंग त्यानं एकदाही मागितलं नाही. मांजराच्या पिलांसारखं हळूच सगळ्यांना जागेवर ठेवलं आणि दार बाहेरून लावून घेतलं.

तिनं पिमकडे बघितलं. पिम गाडीच्या टपावर हात ठेवून दुसरीकडेच बघत होती. तिला माहीत होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

उईनं फायकडून फोन घेतला. तिला फोन लांब धरायची सवय होती, त्यामुळे योदला तिच्याबरोबर अर्धी बाग दिसत असणार.

"योद. गाडी पांढरी आहे."

"बघतोय ना. मस्त दिसतेय."

"तू मंगळवारचा आहेस."

पंख्याची घरघर. योदनं टोपी काढली, परत घातली.

"मे, माझा वार नको बघूस. पिमचा बघ. गाडी तिची आहे."

"आत्ता तिची. तू आल्यावर?"

"मे."

"काय?"

"जेवलीस का?"

उईनं फोन जरा जवळ घेतला. "जेवले."

"काय केलं होतं?"

"ठेचा."

"हिरवा?"

"हिरवाच."

"इथपर्यंत वास येतोय बघ," तो म्हणाला आणि हसला. नाक पुसलं. कुणीतरी त्याला तिकडून हाक मारली, कोरियन भाषेत, आणि तो तसाच बसल्या बसल्या ताठ झाला.

दरवर्षी फळं उतरली की तो म्हणायचा, पुढच्या लोंगनला येतोच. म्हणायचा आणि यायचा नाही, पण म्हणायचा. या वेळी म्हणाला नाही. कुणी आठवणही करून दिली नाही. फोन बंद झाला. उई काळ्या झालेल्या स्क्रीनकडे बघत राहिली, त्यात तिचंच तोंड दिसत होतं.

मग तिनं फोन फायला दिला आणि फडक्यानं हात पुसले, जसं काही काम झालं.

"नोप. घेतली ही."

नोप गडबडला. एवढा विक्रेता माणूस, पण ही विक्री त्याला नको झाली. "नाही म्हणजे, उई, पुढच्या महिन्यात एक राखाडी येतेय, तोवर थांबलं तरी..."

"कशाला थांबायचं? पोरं रोज शाळेत जातात." ती वाकून टोपली उचलत म्हणाली, "शनिवारला पांढरी चालते."

आणि आत गेली.

पिम जिंकली होती. आठवडाभर जे बोलायचं ठरवत होती ते न बोलता जिंकली होती. ती अंगणात उभी राहिली, मग दोरीवरचा शर्ट ओढून काढला, सुईदोरा घेतला आणि दिवेलागणीला पायरीवर बसून कॉलर शिवली. टाके वाकडे पडले. उसवून परत घातले.

*

पिकअप न्यायच्या दिवशी सकाळी उईनं सुनेच्या हातात केळीच्या पानाचा द्रोण ठेवला. झेंडू, उदबत्त्या, लाल सरबताची बाटली.

"तू सांग तिला. शेवटी चालवत होतीस तूच."

तिला म्हणजे मे यानांगला. प्रत्येक गाडीत ती राहते, चाकाची राखणदार. गाडी विकायची तर तिला सांगावं लागतं, आणि नव्या गाडीत चल म्हणून बोलवावं लागतं. नाहीतर ती जुन्या मालकाची वाट बघत बसते.

पिमनं उदबत्त्या लावल्या. पिकअपच्या टपावर हात ठेवला. ऊन यायचं होतं, पत्रा गार होता.

काय सांगायचं? ज्यानं निरोप घ्यायचा तो इथे नाही. पिम ओठ न हलवता म्हणाली, आई, त्या दिवशी यू-टर्नला तू होतीस. माझ्या पोराची कॉलर फायनं धरली, पण फायला तू धरलंस. आता चल आमच्याबरोबर. तिकडे बसायला मऊ आहे. तो नाही आला निरोपाला. त्याच्यावर रागवू नकोस. मी रागवते, तेवढं पुरे.

मग तिच्या लक्षात आलं, आपण सहा वर्षांत नवऱ्याशी एवढं बोललो नाही.

ओलियांग हौद्यात चढून बसला होता. नोपनं फळी पाडली, हाका मारल्या, शिट्टी वाजवली. शेवटी डुकराची कातडी दाखवली. ओलियांगनं कातडी घेतली आणि हौद्यातच बसून खाल्ली.

"हा तर माझ्यापेक्षा पक्का व्यापारी," नोप म्हणाला.

पिमनं त्याला उचलला. जड होता. छातीशी धरून पांढऱ्या गाडीपर्यंत नेला. पिकअप फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्यानं मान वळवून बघितलं, भुंकला नाही. उई भुईकडे बघत उभी होती.

त्याच दुपारी पिम बाजारात गेली, गाड्यांच्या कव्हरांच्या दुकानात. पायपुसणी घेतली, कुत्र्यांसाठी जाळी घेतली. मग काउंटरवरच्या स्टिकरांच्या गठ्ठ्याशी उभी राहिली. दुकानदारणीनं विचारलं, "वार कुठला?" पिमनं सांगितला. बाईनं दोन-तीन रंग पुढे केले. पिमनं पाहिल्याबरोबर एक उचलला.

मागच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, सरळ लावला. घरी कुणाला सांगितलं नाही.

*

सकाळी शाळेची घाई. कॅप्टन गाडीला वळसा घालून थांबला. त्याला आता वाचता यायचं, आणि जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचा.

"ही. गाडी. गुलाबी. आहे." तो मागे वळला. "उई! इथे चूक लिहिलंय! गाडी पांढरी आहे!"

उई डब्यांची पिशवी घेऊन येत होती. काचेपाशी आली. डोळे बारीक केले, मग मोठे केले. पिम ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरशातून बघत होती. सासू म्हणेल, ग्रहांना काय डोळे नाहीत. म्हणू दे. ऐकून घ्यायचं असं तिनं ठरवलं होतं.

उईनं स्टिकरचा एक कोपरा नीट बसला नव्हता तो अंगठ्यानं दाबला. घासून घासून दाबला.

"बरोबर लिहिलंय," ती नातवाला म्हणाली. "बस आत."

पिमनं मागचं दार उघडलं, कुत्र्यांना चढवायला. आणि तिथेच थांबली. काल रात्री ती स्वतः शेवटची रांग सपाट करून झोपली होती, पूर्ण, योदनं सांगितलं तशी. आता अर्धी सपाट होती. दुसरी अर्धी कुणीतरी उभी केली होती, आणि तिच्यावर पिकअपमधली जुनी विटकी उशी ठेवली होती, ड्रायव्हरच्या पाठीशी असायची ती. मूयोंग जाळीआड कशीबशी वळत होती. ओलियांग मात्र एका उडीत चढला, उशीला हुंगलं, आणि त्या उभ्या सीटच्या पायाशी मुटकुळं करून बसला.

"त्याला पाय पसरायला जागा नाही उरली," पिम म्हणाली.

"तो कुठे पसरतोय," उई म्हणाली आणि मधल्या रांगेत जाऊन बसली. डावीकडे, दाराशी.

शाळेच्या फाटकाशी शिट्टी घेऊन उभा असलेला म्हातारा वॉचमन सगळ्या गाड्या ओळखायचा. पिमला नव्या गाडीत बघून त्यानं सलाम ठोकला, गाडीला एक फेरी मारली, पोरांना उतरवून घेतलं. मग खिडकीशी वाकला.

"छान आहे. पण बाई, तुम्ही मंगळवारच्या का? मला वाटलं शनिवारच्या. आमच्या सुनेसारख्या."

"शनिवारचीच आहे."

"मग तो मंगळवारचा गुलाबी कुणासाठी?"

मागे दुसऱ्या गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली होती. आरशात उई बाहेर बघत होती, पण तिचे कान इकडेच होते. पिमनं गिअर टाकला.

"ज्याची गाडी आहे त्याच्यासाठी," ती म्हणाली. "तोवर मी चालवतेय."